पाखऱ्याचा कार्बोरेटर

लिंबाच्या वाडीत बैल म्हटलं की चार पाय, दोन शिंगं आणि एक शेपूट, एवढं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मानसिंगरावांच्या बैलाला मात्र चार चाकं होती, पुढं बॉनेट होतं आणि शेपटीच्या जागी धूर सोडणारी नळी होती. त्याचं नाव पाखऱ्या. बावड्याच्या रस्त्यावर कुणालाही विचारा, मानसिंगआबांचा पाखऱ्या कुठं बांधलाय? तो मुकाट्यानं गोठ्याकडं बोट दाखवणार, आणि गोठ्यात गव्हाणीला तोंड लावून एक म्हातारी पांढरी मोटारगाडी उभी असणार.

या सगळ्याचं मूळ बेंदरात, म्हणजे बैलांच्या सणात होतं. आषाढातल्या बेंदराला वाडीतले बैल सजून, वाजतगाजत वेशीतून मारुतीच्या देवळाकडं जातात. वेशीतून पहिला बैल जायचा तो मानसिंगरावांच्या घरचा. का, ते कुणालाच नीट माहीत नाही. त्यांच्या पणज्यानं वाघ मारला होता म्हणे. भावकीतल्या गोकुळतात्यांचं म्हणणं, वाघ नव्हता, तरस होतं, आणि तेही आधीच मेलेलं होतं. पण मान तो मान. पहिला बैल वेस ओलांडून गेला की तो हाकणाऱ्याच्या डोक्याला गावाचा गुलाबी फेटा बांधायचा, आणि मग त्यानं पुढं आणि गावानं मागं चालायचं. अट एकच होती. बैल स्वतःच्या पायानं वेशीतून गेला पाहिजे. ओढायचा नाही, ढकलायचा नाही. तसं झालं तर मान मागच्या घराला, कायमचा. मागचं घर गोकुळतात्यांचं, आणि तात्या खिलारी जोडी घेऊन दरवर्षी मागं उभे राहून दरवर्षी वाट बघत.

खरा पाखऱ्या म्हातारा होऊन गेला तेव्हा मानसिंगरावांचे गुडघे त्याच्याही आधी म्हातारे झालेले होते. नवा बैल सांभाळणं होईना. मुलगा राजवर्धन पुण्याला कंपनीत, तो म्हणाला, "आबा, सोडा आता ते मानाबिनाचं." आबांनी मान सोडला नाही. कारखान्यातून रिटायर झालेल्या एका साहेबाची जुनी मोटार त्यांनी घेतली, पांढरीशुभ्र रंगवली, दोन्ही आरशांना शिंगांना लावतात तसा लाल हिंगूळ लावला, बंपरला घुंगरमाळ बांधली, टपावर झूल टाकली आणि बेंदराला वेशीसमोर आणून उभी केली.

गावात बोंबाबोंब झाली. "आज मोटार आली, उद्या कोन मिक्सर घिऊन यील!" गोकुळतात्या ओरडले. शेवटी निवाडा गेला तानूबाईंकडं. वेशीला तोरण बांधायचा हक्क त्यांच्या घराचा आणि वयानं त्या सगळ्या वाडीच्या आजी. तानूबाईंनी मोटारीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "खातं का ह्ये?" मानसिंगराव म्हणाले, "पेट्रोल खातं." "पितं?" "पानी पितं." "आन् मागनं काय सोडतं का?" मानसिंगरावांनी गाडी चालू करून दाखवली. तानूबाई धुरातून खोकत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मग बैलच हाय की! जाऊ द्या फुडं."

तेव्हापासून पाखऱ्या हा कायद्यानं बैल होता.

मानसिंगरावांना हा मान एवढा का लागत होता, ते सांगायला हवं, नाहीतर माणूस येडा वाटेल. वर्षभर त्यांना कुणी काही विचारत नसे. स्वयंपाकघर कुशाबाईंचं, तिथं यांनी डबा उघडला तरी "काय सांडलं?" असा आवाज यायचा. उसाला पाणी कधी द्यायचं ते राजवर्धन पुण्यातून मोबाईलवर ठरवायचा. ऊस कधी तोडायचा ते कारखाना ठरवायचा. पारावर बसले तर पोरं नमस्कार करून पुढं जायची, थांबायची नाहीत. वर्षात एकच दिवस असा होता की मानसिंगराव पुढं आणि सगळं गाव मागं. तो दिवस गेला तर उरलेल्या दिवसांचं काय करायचं, हे त्यांना खरोखर माहीत नव्हतं.

आणि यंदा, बेंदूर तोंडावर आला असताना पाखऱ्यानं दम टाकला. चालू करायला गेलं की काळा धूर ओकायचा, दोन आचके द्यायचा आणि गप्प. खाली पेट्रोल टपटपायचं. सगळ्या गोठ्यात असा वास सुटला की शेजारच्या शेरडांनी तोंड फिरवलं.

"पोट फुगलंय," मानसिंगरावांनी निदान केलं.

तरुणपणी इंदापूरच्या एका गॅरेजात ट्रॅक्टरची वाट बघत ते एक अख्खी दुपार बसले होते. तेवढ्या शिक्षणावर ते स्वतःला मिस्त्री समजत. त्यांनी बॉनेट उघडलं, चार नट सोडले, कार्बोरेटर उपटून काढला आणि थेट स्वयंपाकघरात आणून कुशाबाईंच्या कणीक मळायच्या परातीत ठेवला.

कुशाबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "ह्ये काय हाय?"

"पाखऱ्याचं पोट."

"मग माझ्या परातीत कशापायी?"

"अगं, बारीक बारीक इस्क्रू असत्यात. हरवलं मंजी?"

"परात हरवली मंजी काय करू?" कुशाबाई म्हणाल्या. पण दुसरी परात माळ्यावर होती आणि माळ्यावर चढण्यापेक्षा नवऱ्याशी भांडणं सोपं, त्यामुळं त्या तिथंच बसून भांडत राहिल्या आणि भांडता भांडता बघतही राहिल्या.

झाकण निघालं. आत पेट्रोलचं एक छोटं टाकं आणि त्यात एक पितळी डबी. ही डबी पेट्रोलवर तरंगते, टाकं भरलं की वर येते आणि वरची सुई दाबून पेट्रोलची वाट बंद करते. मानसिंगरावांनी डबी उचलून कानाशी हलवली. आत डुबुक डुबुक वाजलं. चेहरा असा उजळला, जसं काही नातवाला नोकरी लागली.

"डबीत पेट्रोल शिरलंय! बुडतीया ती. म्हणून वाट बंद व्हईना, आन् म्हणून ह्येचं पोट फुगतंय. चहाचं पानी उकळलंय का?"

"चहाला ठेवलंय मी ते."

"आधी चूल विझव आन् पातेलं हिकडं वसरीवर दे."

गरम पाण्यात डबी बुडवताच एका कडेनं बारीक बुडबुडे आले. भोक सापडलं. भोकाला कथलाचा डाग द्यायला सोनबा होता. तो दुधाच्या कॅनांना आणि हंड्यांना डाग देऊन पोट भरत असे. त्यानं आधी डबी उन्हात पार सुकवायला लावली. म्हणाला, "आबा, आतलं पेट्रोल तसंच ठिवून डाग दिला तर तुमचा फेटा आभाळात बांधाय लागंल." डबी सुकली, डाग बसला. जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा पितळी खिळा, मधे केसाएवढं भोक. तो कुशाबाईंच्या जुन्या स्टोव्हच्या पिनेनं साफ झाला. सगळं कसं बैजवार चाललं होतं. राहिलं फक्त पॅकिंग.

टाकं आणि झाकण यांच्यामधला तो कागदी पापुद्रा काढतानाच फाटून तुकडे झाला होता. पॅकिंगशिवाय झाकण लावलं तर पेट्रोल पाझरणार. मानसिंगराव एस.टी.नं बारामतीला गेले. स्पेअर पार्टच्या दुकानातल्या माणसानं कार्बोरेटर हातात घेऊन फिरवून फिरवून बघितला आणि आत जाऊन वडिलांना बोलावून आणलं. वडिलांनी बघितला आणि त्यांचे डोळे भरून आले. दोघांनी मिळून एक सुई शोधून दिली, चहा पाजला आणि सांगितलं की पॅकिंग पुण्याहून मागवावं लागेल आणि ते बेंदूर झाल्यावर येईल.

"बेंदूर झाल्यावर काय, पाखऱ्याच्या तेराव्याला आणू का?" मानसिंगराव म्हणाले आणि परत आले.

आता आपल्याकडं जाड, न वाकणारा कागद घराघरात कुठं असतो? लग्नपत्रिकांच्या पिशवीत. लग्न होऊन नवरानवरी भांडायला लागली तरी पत्रिका टाकवत नाही, कारण वर गणपती असतो. मानसिंगरावांनी पिशवी वसरीवर ओतली आणि एकेक पत्रिका चिमटीत धरून वाकवून बघू लागले. सगळ्यांत जाड निघाली ती गोकुळतात्यांच्या नातवाची, शिवमची. मागच्या उन्हाळ्यात तात्यांनी ती बारामतीहून खास छापून आणली होती. पुठ्ठा असा की त्यावर भाकरी थापावी.

"तात्याच्या घरातली एक तरी वस्तू कामाला आली," असं म्हणत मानसिंगरावांनी झाकण पत्रिकेवर ठेवून पेन्सिलीनं रेघ ओढली.

कुशाबाई ओरडल्या, "अवो, गणपती हाय तितं! देवाला पेट्रोल पाजताय व्हय?"

मानसिंगरावांनी जीभ चावली. खरंच, रेघ बरोबर गणपतीच्या सोंडेवरून गेली होती. त्यांनी दोन्ही कानांना हात लावला, झाकण सरकवून खाली आणलं आणि जिथं 'चि. शिवम' असं छापलं होतं तिथं नवी रेघ ओढली. आता झालं असं की गणपती साध्या शाईनं छापलेला होता. सोनेरी चमकीनं छापलेलं होतं ते नवरदेवाचं नाव. देवाला वाचवायच्या नादात मानसिंगरावांनी नेमका चमकीचाच तुकडा कापला. कात्रीनं गोल कापला, भोकं पाडली, बसवला, स्क्रू आवळले. आतल्या बाजूला 'शिव' आलं आणि 'म' बाहेर राहिला.

पाखऱ्या पहिल्या चावीला चालू झाला. आवाज असा गोड की मानसिंगराव गाडीतच बसून राहिले आणि कुशाबाईंनी चहा तिथं आणून दिला. आदल्या दिवशी बावड्यापर्यंत जाऊन आले, एकदाही आचका नाही. येताना गोकुळतात्यांच्या दारात हॉर्न दोनदा जास्तच वाजवला.

बेंदराच्या दिवशी सगळं सालाबादप्रमाणं होतं. तानूबाईंनी वेशीला आंब्याचं तोरण बांधलं. हलगी कडकडत होती. पुढं पाखऱ्या, टपावर झूल, काचेवर बाशिंग. आत मानसिंगराव, धुतलेल्या सदऱ्यात, डोकं मुद्दाम उघडं ठेवून, फेट्याला जागा हवी ना! शेजारून कुशाबाई पुरणपोळीची परात घेऊन चालत होत्या. मागं तात्यांची खिलारी जोडी, शिंगांना रिबनी लावून, फुरफुरत.

वेस दहा पावलांवर आली आणि पाखऱ्या "ख्याक" असा आवाज करून बंद पडला.

मानसिंगरावांनी चावी फिरवली. काही नाही. परत फिरवली. काही नाही. हलगी आपोआप थांबली आणि तेवढ्या शांततेत मागून तात्यांचा आवाज आला, "काय वो दादा, बसला का बैल?"

मानसिंगराव खाली उतरले. हँडब्रेक नावालाच होता, म्हणून गाडी पहिल्या गिअरमध्येच ठेवली आणि कुशाबाईंना म्हणाले, "तू आत बस. परात दे हिकडं. मी सांगीन तवा चावी फिरव." कुशाबाई जन्मात कधी त्या जागेवर बसल्या नव्हत्या. त्या पदर खोचून बसल्या, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरलं आणि समोर बघितलं. समोर फक्त उघडं बॉनेट होतं.

मानसिंगरावांनी तिथंच कार्बोरेटरचं झाकण उघडलं. टाक्यातल्या पेट्रोलवर सोनेरी चमकी तरंगत होती. रात्रभर भिजून शिवमचं नाव सुटलं होतं आणि जेटच्या भोकात जाऊन बसलं होतं. मानसिंगरावांचा जीव भांड्यात पडला. रोग सापडला! जेट सोडवला, फुंकर मारली, साफ झाला. चमकी पुसायला फडकं घ्यावं म्हणून जेट त्यांनी हातासरशी मडगार्डवर टेकवलेल्या परातीच्या कडेला ठेवला. सवयच तशी लागली होती.

फक्त आज त्या परातीत पुरणपोळ्या होत्या. आणि बेंदराला पुरणपोळी असते बैलासाठी. पोळ्यांच्या वासानं मोटारीच्या कडेनं पुढं आलेल्या तात्यांच्या थोरल्या खिलाऱ्यानं मान लांब केली, एक लांबलचक जीभ परातीतून फिरवली आणि होत्या तेवढ्या पोळ्या गट्ट केल्या. जेटसकट.

मानसिंगराव परातीकडं बघत राहिले. मग बैलाकडं. बैल शांतपणे चघळत होता.

"ह्येनं... ह्येनं माझा जेट खाल्ला!"

"माझ्या बैलाला काय चारलंस रं?" गोकुळतात्या धावत आले. तेवढ्यात त्यांची नजर उघड्या झाकणावर गेली. पत्रिकेवरची चमकी गेली तरी अक्षरांचे ठसे राहिले होते, ते त्यांनी वाकून वाचले. "शिव... ह्ये तर आमच्या शिवमचं नाव हाय! माझ्या नातवाची पत्रिका तू इंजनात घातलीस?"

"जाड होती म्हणून घातली! गावात सगळ्यांत जाड होती. मान दिला तुला!"

"मान? पेट्रोलात बुडवून?"

"गणपती वाचवला की!"

"आन् माझ्या बैलाच्या पोटातलं पितळ?"

"पडंल की उद्या शेनातनं! तवर मी काय करू?" मानसिंगरावांचा आवाज फाटला. त्यांना एकदम कळलं की आता काही म्हणजे काहीच करता येणार नाही. जेट नाही तर पेट्रोल नाही, पेट्रोल नाही तर इंजिन नाही. वेस दहा पावलांवर होती आणि मान गेला होता. त्यांना लहान पोरासारखं रडू येऊ लागलं आणि ते लपवायला त्यांनी परात तोंडासमोर धरली.

या सगळ्या वेळात बॉनेटच्या पलीकडून कुशाबाई एकसारख्या विचारत होत्या, "फिरवू का चावी? अवो, फिरवू का?"

"फिरव!" मानसिंगराव वैतागून ओरडले. "काय फिरवायचं त्ये फिरव!"

कुशाबाईंनी फिरवली. गाडी होती गिअरमध्ये. क्लच दाबायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. अशा वेळी इंजिन मेलेलं असलं तरी बॅटरीच्या जोरावर स्टार्टर चाकं फिरवतो. पाखऱ्यानं "खर्रर्र" केलं आणि एक उडी पुढं मारली.

गाव हबकलं. मानसिंगराव बाजूला उडाले.

"थांबू का?" आतून आवाज.

"थांबू नगं! फिरवत ऱ्हा!"

खर्रर्र. उडी. खर्रर्र. उडी. उचकी लागल्यासारखा पाखऱ्या बॉनेट वासून निघाला. कुशाबाईंना पुढचं काही दिसत नव्हतं, म्हणून मानसिंगराव पुढून उलटं पळत होते, हातात परात, "डावीकडं! अगं डावीकडं, तुझ्या जेवायच्या हाताकडं न्हाय, दुसऱ्या!" हलगीवाल्याला काय वाजवावं ते सुचेना, त्यानं स्टार्टरच्या तालावर वाजवायला सुरुवात केली. तोरण बॉनेटला अडकलं, तुटलं, आणि त्यासकट पाखऱ्या वेशीतून पार झाला. पलीकडं गेल्यावर त्यानं एक शेवटची बारीक कुरकुर केली. बॅटरी संपली.

"ह्ये चालणार न्हाय!" गोकुळतात्या म्हणाले.

सगळे तानूबाईंकडं बघू लागले. तानूबाई तुटलेलं तोरण गोळा करत होत्या. त्यांनी विचारलं, "मागनं कुनी ढकललं का?"

कुणीच नव्हतं ढकललं.

"म्होरनं कुनी ओढलं?"

कुणीच नव्हतं ओढलं.

"मग ग्येला की सोताच्या पायानं. लंगडत ग्येला, पर ग्येला. आना फेटा."

मानसिंगरावांची छाती फुगली. फेटा आला, गुलाबी, खळ दिलेला. त्यांनी परात बगलेत धरली, पुढं झाले आणि डोकं वाकवलं.

"तू कशापायी वाकतुयास?" तानूबाई म्हणाल्या. "फेटा हाकनाऱ्याला असतुया. बैल कुशानं हाकला."

मानसिंगराव वाकलेलेच राहिले. आपला वर्षातला एकुलता एक दिवस आपल्याच घरात, आपल्याच डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या डोक्यावर चाललाय हे त्यांच्या ध्यानात आलं आणि आत काहीतरी कचकन दुखलं. खोटं कशाला बोला, दुखलंच. कुशाबाई गाडीतून उतरून हात जोडत म्हणत होत्या, "नगं, नगं, त्येंनाच बांधा." पण तानूबाईंचा निवाडा म्हणजे निवाडा.

आता पंचाईत दुसरीच झाली. फेटा बांधायचा सरपंचांनी. पण परस्त्रीच्या डोक्याला हात कसा लावायचा? सरपंच मागं सरकले. गोकुळतात्या नात्यानं दीर, तेही मागं सरकले. फेटा हातोहात फिरत फिरत मानसिंगरावांपाशी आला. बांधणारा एकच माणूस उरला होता.

मानसिंगरावांनी हातातला फेटा बघितला. इतकी वर्षं तो त्यांच्या डोक्यावर आला होता, पण हातात पहिल्यांदाच येत होता. त्यांनी परात तात्यांकडं दिली, हात सदऱ्याला पुसले आणि बांधायला घेतला. कुशाबाईंचं डोकं लहान, त्यामुळं एक पेच जास्त द्यावा लागला. तुरा नीट उभा राहीना, तो त्यांनी दोनदा काढून परत बसवला. कुशाबाई डोळे मिटून उभ्या होत्या, आणि त्यांचा चेहरा लग्नात अंतरपाटामागं होता तसा लाल झाला होता.

"घट्ट झाला का गं?" मानसिंगरावांनी हळूच विचारलं.

"न्हाय." कुशाबाई तितक्याच हळू म्हणाल्या. "पर तुमच्या हाताला पेट्रोलचा वास येतुया."

हलगी सुरू झाली. कुशाबाई पुढं निघाल्या, आधी लाजत, मग जरा सावरून, मग चांगल्या ताठ मानेनं. मानसिंगराव गावाबरोबर मागून चालू लागले. मिरवणूक मागून कशी दिसते हे त्यांना आजवर ठाऊकच नव्हतं. पुढं तुरा डुलत होता. थोडं चालल्यावर त्यांनी शेजारच्या गोकुळतात्यांना कोपरानं ढोसलं आणि म्हणाले, "बघ की रं. बांधलाय कसा!"